बुडालेल्या जहाजानंतरची बढती

माउंटबॅटन हे नाव निघालं की मराठी वाचकाला फाळणी आठवते, एडविना आठवते, नेहरू आठवतात. या गर्दीत एक साधी गोष्ट मागे पडते. हा माणूस पेशाने नौदल अधिकारी होता. हिंदुस्थानचं व्हाइसरॉयपद त्यांनी पुरते पाच महिनेही सांभाळलं नाही. त्यानंतर गव्हर्नर जनरल म्हणून आणखी दहा महिने. ब्रिटिश आरमाराशी त्यांचं नातं मात्र अर्धशतकाचं. १९१३ साली बारा वर्षांचा कॅडेट म्हणून शिरले आणि १९६५ मध्ये तिन्ही सैन्यदलांचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले.

मोठ्या घराण्यातल्या अधिकाऱ्याला आडनावाचं नेमकं काय मिळतं, हे पाहायला त्यांची कारकीर्द फार उपयोगी आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घराणेशाहीची चर्चा करताना आपण सगळे दारावर पहारा देत बसतो. भरती कशी झाली, वशिला लागला का, गुण किती होते, मुलाखतीत कोण बसलं होतं. मोठा लाभ दारावर मिळतच नाही. तो मिळतो वीस-पंचवीस वर्षांनी, हातून काहीतरी भयंकर बिघडतं तेव्हा. सामान्य घरातल्या अधिकाऱ्याची वाट तिथे संपते. मोठ्या घरातल्याला पुढचं पद मिळतं.

लुई माउंटबॅटन यांचा जन्म २५ जून १९०० चा, विंडसरचा. राणी व्हिक्टोरिया त्यांची पणजी. वडील प्रिन्स लुई ऑफ बॅटनबर्ग जर्मन राजकुळातले. चौदाव्या वर्षी ब्रिटिश आरमारात आले, तिथेच घडले आणि १९१२ च्या अखेरीस फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे आरमारातले सर्वोच्च अधिकारी झाले. दोन वर्षांत महायुद्ध पेटलं. शत्रू जर्मनी आणि आरमाराच्या शिखरावर बसलेल्या माणसाचं नाव बॅटनबर्ग! वर्तमानपत्रांनी रान उठवलं. ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या चाकरीत कुणी खोट काढली नव्हती, तरी नावानेच त्यांचा घात केला. तो राजीनामा घेणाऱ्या नौदलमंत्र्याचं नाव विन्स्टन चर्चिल. धाकटा लुई त्या वेळी ऑस्बोर्नच्या नाविक विद्यालयात होता. बातमी आली त्या दिवशी तो एकटाच ध्वजस्तंभापाशी उभा राहून रडत होता, असं सांगतात. १९१७ मध्ये राजानेच आपल्या घराण्याचं जर्मन नाव टाकून विंडसर हे नाव घेतलं, तेव्हा बॅटनबर्गांचे माउंटबॅटन झाले.

तेव्हा आडनाव हे नेहमी कवचच असतं असं मी म्हणणार नाही. कधी ते गळ्यातला धोंडाही होतं. वडिलांची गेलेली खुर्ची परत मिळवायची, ही ईर्ष्या मुलाने आयुष्यभर बाळगली आणि त्यापायी राबणंही भरपूर केलं. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण माउंटबॅटन यांना नुसते दरबारी शौकीन समजणं चूक ठरेल. तसं समजण्याला त्यांनी स्वतःच पुष्कळ जागा ठेवली, हेही खरं. प्रिन्स ऑफ वेल्सचा जिवलग म्हणून १९२०-२२ मध्ये जगभर दौरे, दिल्लीच्या मुक्कामात एडविनाला लग्नाची मागणी, तिच्या आजोबांनी मागे ठेवलेली अफाट संपत्ती, पोलो, पार्ट्या, पदकांची हौस. पण त्याच दशकात त्यांनी सिग्नल आणि बिनतारी संदेशवहन हे तेव्हाचं कोरडं, तांत्रिक काम निवडलं आणि त्यात खरोखरचं प्रावीण्य मिळवलं. विमानविरोधी ओर्लिकॉन तोफ आरमाराने घ्यावी म्हणून त्यांनी युद्धाआधीच खटपट केली होती. पुढे ती तोफ जहाजाजहाजावर बसली. १९२२ साली ब्रिटनने खर्चकपातीत शेकडो नौदल अधिकाऱ्यांना घरी पाठवलं, माउंटबॅटन राहिले. इथपर्यंत कुणी म्हणेल, गुणी माणूस होता, राहिला. मीही म्हणेन.

प्रश्न सुरू होतो १९३९ पासून. पाचव्या विनाशिका ताफ्याचे कप्तान म्हणून त्यांना ‘केली’ ही नवीकोरी विनाशिका मिळाली. डिसेंबर १९३९ मध्ये टाइन नदीच्या मुखाजवळ ती सुरुंगावर गेली. दुरुस्त होऊन आली, तर मार्च १९४० मध्ये गुरखा या आपल्याच विनाशिकेशी टक्कर झाली. मे १९४० मध्ये उत्तर समुद्रात जर्मन बोटीचा टॉर्पेडो लागला, सत्तावीस माणसं गेली आणि अर्धवट बुडालेली ‘केली’ जवळपास चार दिवस ओढत परत आणावी लागली. ती गोदीत असताना माउंटबॅटन जॅव्हलिन या दुसऱ्या विनाशिकेवरून ताफ्याचं नेतृत्व करत होते. नोव्हेंबरमध्ये जर्मन विनाशिकांशी गाठ पडली आणि जॅव्हलिनचं नाकही गेलं, शेपूटही गेलं. शेवटी २३ मे १९४१ रोजी क्रीटच्या दक्षिणेला जर्मनांच्या स्टुका विमानांनी ‘केली’ बुडवली. निम्म्याहून अधिक खलाशी तिच्याबरोबर गेले.

युद्धात जहाजं बुडतातच. त्यासाठी कप्तानाला दोषी धरणं अडाणीपणाचं होईल, आणि १९४० च्या मेमध्ये जखमी झालेली ‘केली’ सोडून न देता ती परत आणण्यात जी जिद्द दिसली तिला दाद द्यायलाच हवी. तरीही ही यादी घेऊन एखाद्या शाळामास्तराच्या मुलाला निवड मंडळासमोर उभं करून पाहा. साहस आहे, पण जरा जास्तच. वेगाची हौस आहे, विवेक कमी. असं काहीतरी शेऱ्यात लिहिलं गेलं असतं आणि पुढचं पोस्टिंग किनाऱ्यावरच्या एखाद्या प्रशिक्षण केंद्रात झालं असतं. माउंटबॅटन यांना मिळाली इलस्ट्रियस ही विमानवाहू नौका. ती अमेरिकेत दुरुस्त होत होती. तिच्यावरून समुद्रात जायच्या आधीच ऑक्टोबर १९४१ मध्ये चर्चिलचं बोलावणं आलं आणि तिन्ही दलांच्या संयुक्त मोहिमांचं काम हाती आलं. मार्च १९४२ मध्ये कॅप्टनचे एकदम हंगामी व्हाइस ॲडमिरल, वर भूदलात लेफ्टनंट जनरल आणि हवाई दलात एअर मार्शल असे मानद हुद्दे, सेनाप्रमुखांच्या बैठकीत खुर्ची. वय एकेचाळीस. बापाला ज्याने निरोप दिला त्यानेच मुलाला वर काढलं. यात पारख किती आणि जुन्या टोचणीचा भाग किती, ते चर्चिल जाणे. केलीच्या बुडण्यावर दरम्यान माउंटबॅटन यांच्या एका नाटककार मित्राने चित्रपटही काढला आणि पराभवाची गाथा झाली. इतर कप्तानांचे मित्र चित्रपट काढत नसत.

आता दिएप. १९ ऑगस्ट १९४२. फ्रान्सच्या या बंदरावर सुमारे सहा हजार सैनिक उतरवण्यात आले, त्यात जवळपास पाच हजार कॅनडाचे. जुलैत हीच मोहीम एकदा रद्द झाली होती. ती पुन्हा काढण्यामागे माउंटबॅटन यांचं मुख्यालय होतं. मोठ्या युद्धनौकांचा तोफमारा नाही, आधी जोरदार बॉम्बफेक नाही, आणि हल्ला थेट समोरून, गोट्यांनी भरलेल्या किनाऱ्यावर, जिथे रणगाड्यांचे पट्टे निसटत होते. दुपारपर्यंत सगळं संपलं. ९०० हून अधिक कॅनेडियन मेले, सुमारे १,९०० पकडले गेले. नव्याने काढलेल्या या मोहिमेला नेमकी कुणाची लेखी मंजुरी होती, यावर इतिहासकार आजही भांडतात.

किनाऱ्यावरच्या सैन्याचे सेनापती होते मेजर जनरल रॉबर्ट्स, कॅनडाच्या दुसऱ्या डिव्हिजनचे प्रमुख. आराखड्याचा सांगाडा त्यांनी बनवलेला नव्हता. पुढच्या वसंतात त्यांना डिव्हिजनवरून हटवण्यात आलं आणि नंतर ते कुमक-प्रशिक्षणाच्या कामावर राहिले; लढाईत सैन्य हाकण्याची वेळ त्यांच्यावर परत आली नाही. त्याच १९४३ सालच्या ऑगस्टमध्ये, दिएपला वर्ष होत असताना, क्वेबेकच्या परिषदेत माउंटबॅटन यांची आग्नेय आशियातल्या दोस्त सैन्याचे सरसेनापती म्हणून निवड झाली.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की माझा मुद्दा जवळजवळ पूर्ण होतो. माउंटबॅटन पुढे आयुष्यभर सांगत राहिले की दिएपमध्ये शिकलेल्या धड्यांनी नॉर्मंडीत कितीतरी जीव वाचवले. धडे मिळाले असतील. पण ते धडे रॉबर्ट्सही शिकलेच असतील ना? त्या किनाऱ्यावर काय चुकलं हे त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलं होतं? मग शहाणपणाचा जमाखर्च एकाच्या खात्यावर जमा आणि दुसऱ्याच्या खात्यावर खर्ची का पडला?

माउंटबॅटनचे चाहते इथे ब्रह्मदेशाकडे बोट दाखवतात, आणि ते योग्यच आहे. तिथे त्यांनी नाव काढलं. पावसाळ्यात लढाई थांबवायची ही रूढी त्यांनी मोडली, मलेरियाशी लढणं हे शत्रूशी लढण्याइतकं मानलं, विमानांनी रसद पोचवण्यासाठी अमेरिकनांशी भांडले, आणि स्लिमसारख्या सेनापतीला आपलं काम करू दिलं. इम्फाळ-कोहिमात जपानी सैन्य मोडलं, मे १९४५ मध्ये रंगून हाती आलं, १२ सप्टेंबरला सिंगापुरात जपान्यांची शरणागती घेताना माउंटबॅटन पांढऱ्या गणवेशात होते. म्हणजे दुसरी संधी वाया गेली नाही.

पण हा पुरावा चाहत्यांच्या बाजूने जातो असं मला वाटत नाही. त्यातून इतकंच सिद्ध होतं की मोठी चूक केलेला अधिकारी पुढे उत्तम काम करू शकतो. मग ही गोष्ट सगळ्यांनाच लागू असायला हवी. मी दुसऱ्या संधीच्या विरोधात मुळीच नाही. समुद्रावरचं काम असं आहे की चूक न करता शिकणारा कप्तान एकतर भाग्यवान असतो किंवा बंदर सोडत नसतो. माझी तक्रार त्या संधीच्या वाटपाबद्दल आहे.

यावर उतारा म्हणून सगळ्यांना सारखीच कडक शिक्षा करायची, हा प्रयोग ब्रिटिश आरमारानेच करून पाहिला आहे, आणि तो मुळापासून सांगण्यासारखा आहे. १७४४ मध्ये तूलाँच्या लढाईत ब्रिटिश ताफ्याने माती खाल्ली. मागच्या तुकडीचा ॲडमिरल लेस्टॉक लढाईत पुढे सरकलाच नव्हता. पण त्याचे राजकीय हात वरपर्यंत होते, तो निर्दोष सुटला. पुढच्याच वर्षी अँगलसी नावाचं जहाज फ्रेंचांनी पकडलं. कप्तान सुरुवातीलाच मेला होता, जहाज बेकर फिलिप्स नावाच्या तरुण लेफ्टनंटच्या गळ्यात पडलं आणि त्याने निशाण उतरवलं. कोर्टमार्शलने दयेची शिफारस करूनही फिलिप्सला गोळ्या घालण्यात आल्या. लोकांना यातला फरक दिसला आणि आरडाओरड झाली. म्हणून १७४९ मध्ये कायदा बदलला: हुद्दा कोणताही असो, पराकाष्ठा न करणाऱ्याला देहदंड, न्यायालयाला सूट देण्याची मुभाच नाही.

या कायद्यात सापडला तो जॉन बिंग. त्याचे वडील जॉर्ज बिंग, व्हायकाउंट टॉरिंग्टन, स्पेनचा ताफा बुडवणारे नामवंत ॲडमिरल आणि पुढे नौदलमंत्री. मुलगा तेराव्या वर्षी आरमारात आणि विशीतच कप्तान. बापाच्या शिडाला लागलेला वारा त्याला भराभर पुढे घेऊन गेला. मे १७५६ मध्ये मिनोर्का बेट वाचवायला त्याला अपुरी माणसं आणि डागडुजी न झालेली जहाजं देऊन पाठवलं. लढाई अनिर्णित राहिली, तो जिब्राल्टरला परतला, बेट गेलं. मंत्रिमंडळाला बळीचा बकरा हवाच होता. न्यायाधीशांनी त्याला भित्रेपणाच्या ठपक्यातून मोकळं केलं, एकमुखाने दया मागितली. राजाने दिली नाही. १४ मार्च १७५७ रोजी पोर्ट्समथच्या बंदरात मोनार्क जहाजाच्या डेकवर त्याला गोळ्या घातल्या. १७७९ मध्ये कायदा पुन्हा सैल करण्यात आला. आंधळी समानता आणली तर ती फिलिप्सला परत आणत नाही, फक्त बिंगलाही त्याच भिंतीपाशी उभं करते. तो न्याय मला नको आहे.

गंमत पाहा, ज्या १७५६ सालच्या मे महिन्यात बिंग भूमध्यसमुद्रात चाचपडत होता, त्याच्या तीनच महिने आधी त्याच आरमाराच्या ॲडमिरल वॉटसनने विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं होतं, तेही पेशव्यांच्या संगनमताने. कान्होजी १७२९ मध्ये गेले. त्यांच्यामागे मुलांत भाऊबंदकी माजली. बाजीरावांनी मध्यस्थी करून कुलाबा मानाजींकडे आणि सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडची सरखेली, म्हणजे आरमारप्रमुखाचं पद, संभाजींकडे अशी वाटणी केली. कोकणातल्या एकसंध आरमाराचे दोन तुकडे झाले, कारण आरमार ही घराची मालमत्ता होती आणि घर फुटलं. तिथे दुसऱ्या संधीचा प्रश्नच नव्हता. सरखेलची चूक तपासणारं न्यायपीठच अस्तित्वात नव्हतं. तुळाजी उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत राहिले. पद वारशाने जाणं आणि सूट वारशाने जाणं या दोन वेगळ्या व्याधी आहेत. पहिली आपण आधुनिक नौदलांतून काढली, म्हणून दुसरीही गेली असं समजून बसलो आहोत.

उलट बाजूचं सर्वांत भक्कम उदाहरण अमेरिकेतलं आहे, ते टाळून चालणार नाही. नौदलातले वैमानिक आणि पुढे सिनेटर झालेले जॉन मकेन यांचे आजोबा ॲडमिरल, वडील ॲडमिरल. चार ताऱ्यांची ही अमेरिकन नौदलातली पहिली बापलेकांची जोडी. नातू मात्र १९५८ मध्ये ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून ८९९ जणांत ८९४ वा आला. २६ ऑक्टोबर १९६७ रोजी हनोईवर त्यांचं विमान पडलं, दोन्ही हात आणि एक पाय मोडला, आणि ते शहरातल्याच एका तळ्यात कोसळले. पुढच्या वर्षी वडील प्रशांत महासागर विभागाचे सरसेनापती झाले, तेव्हा उत्तर व्हिएतनामींनी मुलाला सोडण्याची तयारी दाखवली. जो आधी पकडला गेला तो आधी सुटेल, हा कैद्यांचा नियम धरून मकेन यांनी नकार दिला. त्यानंतर त्यांचे फार हाल झाले. सुटका झाली मार्च १९७३ मध्ये.

घराण्याचे संस्कार म्हणतात ते हेच, असं यावर सांगतात. आणि आजोबा-वडिलांकडून काहीतरी मिळाल्याशिवाय माणूस असं वागत नाही, हे मला मान्य आहे. नौदलातल्या घरात वाढलेल्या मुलाला वाऱ्या-भरतीची भाषा आणि शिस्तीची किंमत लवकर कळते, यातही शंका नाही. पण हनोईच्या तुरुंगाधिकाऱ्यांनी त्यांच्यापुढे काय ठेवलं ते नीट पाहा. त्यांनी पद किंवा पैसा देऊ केला नाही, रांग चुकवण्याची सवलत देऊ केली. मोठ्या नावाला काय द्यायचं असतं हे शत्रूला बरोबर समजलं होतं. फरक इतकाच की तिथे ती सवलत उघडपणे समोर आली, म्हणून नाकारता आली. शांततेच्या काळात ती कुणी हातात ठेवत नाही. ती गोपनीय अहवालातल्या एका नरम शब्दात असते, चौकशीच्या कक्षेत काय घ्यायचं आणि काय वगळायचं या निर्णयात असते, एखादा वरिष्ठ ‘याच्या वडिलांच्या हाताखाली मी होतो’ असं म्हणतो त्यात असते. मिळणाऱ्यालाही ती मिळाल्याचं कळत नाही. माउंटबॅटन यांना आपण केवळ कर्तृत्वावर वर गेलो असं मनापासून वाटत असणार, आणि १९५५ मध्ये वडिलांच्या जागी फर्स्ट सी लॉर्ड म्हणून बसताना त्यांना ते कुणी विचारलंही नसेल.

आपल्याकडे सैन्यदलांच्या निवड मंडळासमोर उमेदवार छातीवर नंबर लावून जातो. तिथल्या मैदानावर त्याला नावाने नव्हे, त्या नंबराने ओळखतात. ही पद्धत चांगली आहे आणि तिचं कौतुक व्हायलाच हवं. पण ती दारापुरती आहे. जहाजावर अपघात झाल्यावर बसणाऱ्या चौकशी मंडळापुढे नंबर लावून जाता येत नाही. तिथे नाव, हुद्दा, घराणं, सासर, सगळं हजर असतं. २०१३ मध्ये मुंबईत सिंधुरक्षक पाणबुडी १८ जणांसह बुडाली आणि पुढच्या फेब्रुवारीत सिंधुरत्नवर दुर्घटना झाली, तेव्हा नौदलप्रमुख ॲडमिरल जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन पद सोडलं. अशी माणसं दुर्मीळ असतात. मात्र सर्वांत वरच्याने असं सोडून दिलं की लोकांचं समाधान होतं आणि मधल्या फळीत कुणाला काय मिळालं याकडे कुणी पाहत नाही. रॉबर्ट्स आणि माउंटबॅटन यांच्यात जी दरी पडली ती नेमकी त्या फळीत पडते.

म्हणून माझी मागणी भरतीबद्दल काहीच नाही. नौदल अधिकाऱ्यांची मुलं नौदलात जावीत, खुशाल जावीत. जीवितहानी झालेल्या प्रत्येक अपघाताचा चौकशी अहवाल, गोपनीय तांत्रिक भाग वगळून, ठराविक वर्षांनी संसदेच्या संरक्षणविषयक समितीपुढे ठेवला जावा. आणि त्याला एक साधा तक्ता जोडलेला असावा, ज्यात त्या घटनेशी संबंधित प्रत्येक अधिकाऱ्याची पुढच्या दहा वर्षांतली पोस्टिंग आणि बढती दिसेल. नावं झाकली तरी चालतील. कुणाच्या घरात आधी कुणी फ्लॅग अधिकारी, म्हणजे ॲडमिरलच्या दर्जाचं, होतं का, एवढा एक रकाना मात्र त्यात हवा.